खोदलेल्या जागेवरच संग्रहालय कशासाठी?

प्रश्न : माझी कन्या जर्मनीतील कोलोन येथे नोकरीस आहे. तेथील नगरभवनासमोरच्या चौकात उत्खनन झालेल्या जागेवरच ज्यू इतिहासाचे संग्रहालय उभारण्याचे काम चालू असल्याचे तिने कळवले. सापडलेल्या वस्तू अन्यत्र ठेवून चौक मोकळा का सोडला नाही?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मोकळ्या चौकाचा आग्रह खुद्द कोलोनकरांपैकीही अनेकांनी धरला होता. तरीही मला हा निर्णय योग्य वाटतो. लिंबची बारा मोटांची विहीर आपण पाहिली असेलच. तिचे दगड क्रमांक घालून साताऱ्यात आणून रचले, तर तिची घडण दिसेल, पण झरा लिंबलाच राहील. कोलोनच्या मध्ययुगीन ज्यू वस्तीतील ‘मिकवा’, म्हणजे धार्मिक स्नानाचे कुंड, असेच आहे. या स्नानाला नैसर्गिक पाणीच लागते, म्हणून ते सुमारे 16 मीटर खोल, थेट भूजलापर्यंत नेलेले आहे आणि ऱ्हाइन नदीची पातळी बदलली की त्यातील पाणीही वरखाली होते.

त्याच चौकाखाली रोमन प्रांताधिपतीच्या प्रासादाचे अवशेष 1953 साली सापडले. सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 साली कोलोनच्या नगरसभेत ज्यूंना घेण्यास परवानगी देणारी आज्ञा काढली. आल्प्सच्या उत्तरेकडील ज्यूंचा तो सर्वांत जुना लेखी पुरावा होय. पुढे 1349 मध्ये या वस्तीत कत्तल झाली, 1424 मध्ये ज्यूंना शहराबाहेर घालवण्यात आले आणि त्यांच्या प्रार्थनामंदिराचे नगरसभेच्या चॅपेलमध्ये, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनागृहात, रूपांतर झाले. राडारोड्यातून हिब्रू अक्षरे कोरलेल्या पाटीच्या दगडाचे तुकडे निघाले. ते काचेच्या कपाटात कोठेही ठेवता येतील. मात्र प्रासाद, प्रार्थनामंदिर आणि नगरभवन एकमेकांना कसे लागून आहेत, ते त्या जागेवरच समजते.

बांधकाम अर्थातच अवघड असते. जुन्या भिंती चुकवून मोजक्याच ठिकाणी खांब रोवावे लागतात आणि छताचा भार लांब पल्ल्याच्या पोलादी तुळयांवर तोलावा लागतो. शिवाय शतकानुशतके ओलीत राहिलेली भिंत उघडी पडून वाळू लागली की क्षार पृष्ठभागावर येऊन दगड सुटू लागतो. त्यामुळे अवशेष एक तर पुन्हा मातीखाली झाकावे लागतात, नाही तर आर्द्रता राखणाऱ्या छताखाली ठेवावे लागतात.

अवशेष जागेवर राखले नाहीत तर काय होते, ते जर्मनीतल्याच फ्रँकफर्टमध्ये दिसले. तेथे 1987 साली नगरपालिकेच्या इमारतीसाठी खोदताना जुन्या ज्यू गल्लीतील घरांचे पाये निघाले. मोठा वाद झाला, तरी इमारत झालीच. तिच्या तळघरात 1992 साली संग्रहालय उघडले, तेव्हा दाखवायला पाचच घरांचे पाये उरले होते.