चांगल्या माणसातला दुष्टपणा कथेत कसा दाखवायचा?

तुमचा प्रश्न असा, की कथेतले काका मनाने चांगले आहेत, अख्ख्या वाड्याला त्यांचा आधार आहे, पण शेवटी एका मुलीचं वाटोळं त्यांच्यामुळेच होतं. तर त्यांच्यातला लपलेला दुष्टपणा आधीपासून कसा पेरायचा? पेरूच नका. काकांना परोपकारी ठेवा, कुणाला नाही म्हणता न येणारे ठेवा. तेवढं पुरतं.

हे छातीठोकपणे सांगतोय, कारण मी सामंताचं काम केलंय. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधला सामंत. १९६७ साली 'रंगायन' या नाट्यसंस्थेने ते नाटक केलं तेव्हा नायिका बेणारे सुलभा देशपांडे होत्या, हे कुणीही सांगेल. सामंत कुणी केला होता, असं कुणी विचारत नाही. गावात प्रयोगाला आलेली हौशी मंडळी वेळ घालवायला खोटा खटला भरवतात, आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे ही माणसं आल्यापासूनच कुचकी वाटतात, ती लिहायला सोपी. सामंत गावातला साधा माणूस. हॉल उघडून देतो, पान-सिगारेट आणायला पळतो. साक्षीदार कमी पडतो म्हणून त्याला उभं करतात. बिचारा गांगरतो आणि कादंबरीत वाचलेला प्रसंग ठोकून देतो: प्रोफेसर दामलेंच्या खोलीत बाईचा आवाज, रडणं, विनवण्या. बेणारेचं दामलेंशी खरंच प्रकरण झालेलं असतं, म्हणून तो नेमका तिच्या वर्मी बसतो. तिथून खेळाचा खेळ राहत नाही. आणि शेवटी हाच सामंत कोसळलेल्या बेणारेजवळ हिरवा कापडी पोपट हळूच ठेवून जातो.

आमचा प्रयोग १९९४ चा, सांगलीतला, ऑफिसातल्या हौशी मंडळींचा. दिग्दर्शक म्हणायचे, "सामंत म्हणजे गाय. निरागस हसायचं, बस्स." मी म्हणायचो, गाय तर गाय, पण शिंग लागलंय ना कुणाला? ते त्याला कळतं की नाही? ते म्हणायचे, "लेखकाच्या पुढे धावू नकोस."

तालमी एका शाळेच्या हॉलमध्ये, साडेसात ते दहा. बेणारे करणारी आमच्याच ऑफिसातली. एकदा मधल्या चहाला सगळे पेंगुळलेले, दिग्दर्शकांचा मूड गेलेला. मला हशा पिकवायची खोड. मी म्हटलं, "बेणारेबाईंना आज भूक नसणार. दुपारी स्टँडमागच्या हॉटेलात दामलेंबरोबर मिसळ झालीय." नाटकातले दामले स्टेजवर येतच नाहीत, आमच्या ऑफिसातले दामले कोण, ते मात्र सगळ्यांना लगेच कळलं. कुणीतरी विचारलं, "तर्री किती घेतली?" मग काय, हसता हसता चहा सांडला. तीही हसली, आणि चहावरची साय बोटानं काढत बसली.

मी दोघांना खरंच पाहिलं होतं. मिसळच खात होते. टेबलावर दोघांच्या मध्ये ऑडिटची फाईल उघडी होती. फाईलचं मी बोललो नाही. बोललो असतो तर हशा आला नसता.

पंधरा दिवसांत तिचा भाऊ हॉलवर आला. दारातूनच म्हणाला, "ताई उद्यापासून येणार नाही." पुढे तिनं बदली मागून घेतली. कुणी कुठे काय सांगितलं ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही. तिची राहिलेली संहिता आणि चपलांचा जोड पिशवीत घालून घरी पोहोचवायला मात्र मीच गेलो. तिची आई म्हणाली, "त्या सगळ्यांत तुम्हीच काय ते चांगले." चहा केला होता त्यांनी. प्यायलो.

प्रयोग नव्या बेणारेला घेऊन झाला. पोपट ठेवताना माझा हात इतका थरथरला, की पोपट आडवा पडला. दिग्दर्शक विंगेत चडफडत होते. अभिनयाचं प्रमाणपत्र मलाच मिळालं.

तर तुमचे काका. त्यांना रात्री एकटं बसवून मनातल्या मनात कट रचायला लावू नका, हे सिरियलवाल्यांनी नासवून ठेवलंय. ते खोटंही बोलत नाहीत. सगळं खरं सांगतात, फक्त एक गोष्ट गाळतात, आणि तीही कुणाला बरं वाटावं म्हणून. ती कोणती, ते वाचकाला आधीच माहीत असू द्या, वाड्याला नको. आणि मुलीचं वाटोळं झाल्यावर काकांच्या चांगुलपणाचं कौतुक होऊ द्या, तिच्याच घरात.

अर्थात हे सगळीकडे चालत नाही. लहान मुलांच्या गोष्टीत राक्षस हा राक्षसच हवा. आणि तेंडुलकरांच्या मनात सामंत असाच होता, असा माझा दावा नाही. संहितेत तो भोळाच आहे. माझ्या ऑफिसातल्या त्या प्रकरणालाही इतर कारणं असतील. नव्या साहेबांशी तिचं आधीपासून पटत नव्हतं म्हणे.

दिग्दर्शक आता सत्तरी ओलांडून गेलेत. मागच्या दिवाळीत फराळाला गेलो होतो, तर पुन्हा तोच वाद. सामंत निर्दोष, ते ठाम. मिसळीची गोष्ट मी त्यांना अजून सांगितलेली नाही. एवढंच विचारलं, "सर, त्यानं ती कादंबरी वाचलीच नसती तर?" चकलीचा तुकडा तोंडात टाकत म्हणाले, "मग काय, दुसऱ्या कुणीतरी वाचली असती."