तोबरा कोणी बांधला?

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या एका आईचे पत्र या वेळी निवडले आहे. पत्र लांबलचक आहे आणि त्यात चार प्रश्न आहेत. परंतु मी पहिल्याच प्रश्नापाशी मुक्काम ठोकणार आहे, हे नेहमीच्या वाचकांनी ओळखलेच असेल. त्या लिहितात:

“माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. शाळेत पहिल्या महायुद्धाचा विषय चालू आहे आणि त्यासाठी ‘वॉर हॉर्स’ ही कादंबरी वाचायला दिली आहे. टॉपथॉर्न हा घोडा मरतो त्या पानाशी ती थांबली, उशिरापर्यंत रडली आणि तेव्हापासून पुस्तक उघडायला तयार नाही. कादंबरीचा नायक असलेला घोडा, जोई, शेवटी घरी परत येतो, हेही मी तिला सांगून टाकले, तरी तिचे समाधान होत नाही. आमचे हे म्हणतात, असली रडकी पुस्तके कशाला, तिला आपल्या चेतकाची गोष्ट सांग. सासूबाई सध्या आमच्याकडे आल्या आहेत. त्यांचे म्हणणे, एवढ्याशा जिवाला युद्ध दाखवायचेच कशाला? मी कोणाचे ऐकू?”

ताई, तुमची घालमेल मला समजते. मूल उशीत तोंड खुपसून रडत असताना पुस्तकांबद्दलची सगळी तत्त्वे बाजूला राहतात. पण शेवट सांगून टाकण्याची घाई तुम्ही करायला नको होती. पुढे काय होते, असे तिने विचारलेच नव्हते. ती जोईसाठी रडत नव्हती, टॉपथॉर्नसाठी रडत होती. आणि एक घोडा घरी आला म्हणून दुसऱ्याचे मरण भरून निघत नाही, एवढा हिशेब नऊ वर्षांच्या मुलीला पक्का येतो.

मी तुमच्या जागी असते तर तिला एकच प्रश्न विचारला असता: टॉपथॉर्न कशाने मेला? मायकल मॉर्पर्गो यांच्या १९८२ च्या या पुस्तकात तो गोळी लागून मरत नाही. चिखलातून तोफा ओढून, उपासमार आणि थंडी सोसून थकलेल्या त्या घोड्याचे हृदय थांबते. लेखकाने हे मनाने रचलेले नाही. त्या युद्धात तोफगोळ्यांनी जेवढे घोडे मारले, त्याहून कितीतरी अधिक घोडे थकव्याने, थंडीने, आजाराने आणि अर्धपोटी राहून गेले. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते. त्याला थोडे थोडे आणि दिवसभर खावे लागते, शिवाय रोज तीस-चाळीस लिटरपर्यंत पाणी लागते. आघाडीवर नेमके हेच जमत नव्हते, आणि म्हणून तोबरा, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, रिकामा झाला की भुकेली जनावरे दोरखंड, पांघरुणे, गाड्यांची लाकडे असे जे सापडेल ते चावत सुटत.

युद्धातल्या घोड्यांवरचे पुस्तक चांगले की वाईट, हे मी गेली अनेक वर्षे एकाच गोष्टीवरून ठरवते: त्या पुस्तकात घोडा खातो की नाही. जिथे घोडा नुसता दौडतो, उड्या मारतो आणि धन्यासाठी प्राण देतो, पण त्याला वैरण कोणी घातली, पाणी कोणी दाखवले, त्याचा खूर उचलून त्यातला खडा कोणी काढला, हे एकाही पानावर सापडत नाही, ते पुस्तक मी मुलाच्या हाती देताना शंभरदा विचार करते. यावरून माझे यजमान मला वैरणमंत्री म्हणतात. म्हणोत बापडे.

हा नाद मला आजोळी लागला. माझ्या आईच्या वडिलांकडे घोडागाडी होती. संध्याकाळी गाडी सोडली की ते आधी घोड्याला खरारा करीत, मग भिजवलेला हरभरा मुठीमुठीने परातीत पसरून त्यातले खडे बोटांनी चाचपून काढीत आणि तोबरा त्याच्या कानांमागून बांधीत. आत दाणे चावल्याचा करकर आवाज सुरू झाल्याशिवाय ते स्वतःच्या पानावर बसत नसत. पुढे परदेशात माझा मुलगा अशाच एका युद्धातल्या घोड्याच्या पुस्तकावरून हमसून रडला, तेव्हा मी त्याला ही हकीकत सांगितली आणि पुस्तकातल्या घोड्याचे आजोबा कोण कोण ते शोधायला लावले. त्याने वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक प्रकरणात घोड्याला कोणी खाऊ घातले याची यादी केली. यादीत शत्रूपक्षाची माणसेही आली, हे पाहून तो गप्पच झाला. रडणे थांबले असे मी म्हणणार नाही, पण त्या रडण्याला धरायला काहीतरी मिळाले. आता तोच मुलगा आपल्या लेकाला पुस्तक वाचून दाखवताना मध्येच थांबून हाच प्रश्न विचारतो, आणि सूनबाई कपाळाला हात लावतात.

तुमच्या यजमानांच्या सूचनेकडे वळते. चेतकाची गोष्ट सांगायला माझी मुळीच ना नाही, पण चेतकाचे पुढे काय होते, हे त्यांना एकदा विचारा. १५७६ मध्ये हळदीघाटीच्या लढाईत जखमी पायाने तो राणा प्रतापांना ओढ्यापलीकडे नेतो आणि तिथेच प्राण सोडतो, अशीच परंपरेने चालत आलेली कथा आहे. म्हणजे घोडा इथेही मरतोच. फक्त आपण ती गोष्ट इतक्या वरच्या पट्टीत सांगतो की मुलाला रडायला उसंत मिळत नाही. आपण बाहेर राहणारे लोक याबाबतीत जरा जास्तच हळवे असतो. सुट्टीपुरत्या भेटणाऱ्या देशाबद्दल मुलांना केवळ अभिमानाच्या गोष्टी सांगाव्यात, असे आपल्याला वाटते, आणि मग शाळेने दिलेले पुस्तक ‘त्यांचे’ आणि रडके ठरते, तर आपले तेवढे शूर.

आपलेच द्यायचे असेल, तर त्याहून चांगले काही आपल्यापाशी आहे. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ दळवटण्याला छावणी करून राहिलेल्या आपल्या लष्करातील अधिकाऱ्यांना एक पत्र पाठवले. त्यात तलवारींचा खणखणाट नाही, आहे ती दाणावैरणीची चिंता. पागेसाठी साठवलेले दाणे आणि गवत आताच मन मानेल तसे उधळले, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे महाराज बजावतात. रात्री दिवा जळता ठेवू नका, कारण एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत त्यांची नजर गेलेली आहे. मुलीला हा उंदीर जरूर सांगा. नऊ वर्षांच्या वयात तो हमखास लक्षात राहतो. आणि पानिपतावर १४ जानेवारी १७६१ च्या आधी छावणीची रसद तुटून माणसे आणि घोडी कशी उपाशी पडली होती, हे ती थोडी मोठी झाली की सांगा.

आता महाराजांचे हे पत्र तिच्या शाळेतल्या पुस्तकाशेजारी ठेवून पाहा. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने फ्रान्सला जहाजांनी जो दारूगोळा धाडला तो सुमारे ५२ लाख टन होता, आणि जनावरांसाठी धाडलेला दाणा-चारा सुमारे ५४ लाख टन. तोफांच्या पोटापेक्षा घोड्यांचे पोट भारी पडले. तिच्या शिक्षकांनी हे सांगितले नसेल तर तिलाच वर्गात सांगू द्या. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला १९१५ मध्ये खेचरांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून खंदकांपर्यंत पाणी, अन्न आणि दारूगोळा पोहोचवणाऱ्यांत हिंदी खेचरपथके होती, हेही सांगा. हिंदी घोडदळ तर फ्रान्समध्येही लढले. ते युद्ध फक्त ‘त्यांचे’ नव्हते, आणि त्यातल्या जनावरांच्या तोंडाशी तोबरा नेणारे कितीतरी हात आपल्याकडचे होते.

सासूबाईंना दुखवू नका. त्यांची काळजी खोटी नाही. परंतु मुलांना युद्ध कळत नाही, हा समज त्यांनी सोडावा, असे मला वाटते. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटिश सैन्यासाठी गावोगावचे घोडे ताब्यात घेणे सुरू झाले, तेव्हा लँकेशायरमधल्या एका घरातल्या भावंडांनी थेट युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांना पत्र लिहिले. आमचे तट्टू सतरा वर्षांचे आहे, गाभण आहे, तेवढे सोडा. आमची दुसरी दोन तर आधीच दिली आहेत, असा त्यातला मजकूर. किचनर यांच्या कचेरीतून उत्तर आले, आणि सोबत एक चिठ्ठीही आली: कोणी तट्टू मागायला आले तर ही दाखवा. किचनर त्याआधी १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचे सरसेनापती होते आणि त्यांच्याशी वाद घालणे मोठमोठ्यांनाही जड गेले होते. मुलांना मात्र ते जमले. ही हकीकत सासूबाईंनाच वाचायला द्या आणि नातीला त्यांनीच सांगू द्या.

तिचा पुढचा प्रश्न काय असेल, तेही सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही गडबडणार नाही. जोई घरी आला, मग बाकीचे? उत्तर खरे द्या. ऑस्ट्रेलियातून त्या युद्धासाठी सुमारे १ लाख ३६ हजार घोडे समुद्रापार गेले आणि त्यांपैकी सँडी नावाचा एकच मायदेशी परतला. तो ऑस्ट्रेलियन जनरल ब्रिजेस यांचा घोडा होता. धनी १९१५ मध्येच गेला, घोडा १९१८ मध्ये मेलबर्नला पोहोचला. उरलेल्यांपैकी काही इतर सैन्यांना दिले गेले, काही विकले गेले, काहींना गोळी घातली गेली. एवढ्यावर मात्र थांबू नका, कारण या हकीकतीलाही तोबरा बांधणारे कोणी आहे. १९३० मध्ये डोरोथी ब्रुक नावाची बाई कैरोला गेली आणि युद्धानंतर तिथे विकलेले घोडे म्हातारपणी गाड्या ओढताना तिला दिसले. तिने १९३१ मध्ये वृत्तपत्रात पत्र लिहिले, लोकांनी पैसे पाठवले आणि तिने सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. बहुतेक इतके झिजलेले होते की त्यांना शांतपणे मरण देण्याखेरीज इलाज नव्हता. १९३४ मध्ये तिने कैरोत जनावरांचे रुग्णालय उघडले आणि त्यातून उभी राहिलेली संस्था आजही कष्टकरी घोडे, गाढवे आणि खेचरे यांच्यासाठी काम करते. मुलीला काही करावेसे वाटले तर तिच्या खाऊच्या पैशांना ही वाट दाखवता येईल.

तेव्हा आज पुस्तक तिच्या हातात कोंबू नका आणि फडताळात लपवूही नका. टॉपथॉर्नचे पान तुम्ही स्वतः आधी वाचा, मग तिच्याशेजारी बसून मोठ्याने वाचून दाखवा. आवाज दाटला तर दाटू द्या. “बाळा, घोडाच तर होता” हे वाक्य घरात कोणीही उच्चारायचे नाही, आणि ही तंबी विशेषतः तुमच्या यजमानांना आहे. वाचून झाल्यावर यादी करायला घ्या. हे पुस्तक तिने पुरे केलेच नाही तरी काही बिघडत नाही. मग ॲना स्यूएल यांचे १८७७ चे ‘ब्लॅक ब्यूटी’ द्या. त्यात क्रिमियाच्या युद्धातून वाचलेला कॅप्टन नावाचा म्हातारा घोडा टांग्याच्या तबेल्यात आपली हकीकत सांगतो, ती थोडक्यात आहे, आणि बाकीचे पुस्तक तर दाणापाणी, लगाम आणि नाल यांनीच भरलेले आहे. मात्र कॅप्टनचाही शेवट दुःखाचा आहे, हे आधी माहीत असू द्या.

तुमचे उरलेले प्रश्न. मुलगी मराठी वाचत नाही: रोज एक पान तुम्ही वाचून दाखवा, तक्रार नंतर करा. तेरा वर्षांचा मुलगा संगणकावर युद्धाचे खेळ खेळतो: वेळ ठरवून द्या, आणि बहिणीची यादी त्याच्या हाती तपासायला द्या, मोठ्या भावांना चुका काढायला आवडतात. घोडेस्वारीच्या वर्गाला घालावे का, असेही तुम्ही विचारले आहे. जरूर घाला, पण पैसे भरण्यापूर्वी तिथे स्वतः जाऊन पाहा. जिथे मुलांना नुसते पाठीवर बसवून चार फेऱ्या मारून खाली उतरवतात, तो वर्ग नको. जिथे आधी खरारा करायला, खूर साफ करायला आणि बादली उचलायला लावतात, तिथे नाव नोंदवा, आणि तिला जुने कपडे घालून पाठवा.