हेल्मेट टकमध्ये घालून बघ, मग घे

प्रश्न : दादा, वर्षभर लाँगबोर्ड (लांब स्केटबोर्ड) चालवतोय, आता स्लाइड (हात रस्त्यावर टेकवून बोर्ड आडवा घसरवत वेग कमी करणं) जमायला लागलेत आणि उतारावर ५०-६० चा स्पीड सहज लागतो. हेल्मेट अजून साधंच आहे, हनुवटी उघडी. घरात मोटरसायकलचं फुल फेस पडून आहे, तेच घालू का? नवीन घेतलं तर काय बघायचं? आणि गेल्या महिन्यात पडलो तेव्हा डोकं मागून आपटलं, हेल्मेटला बाहेरून नुसता ओरखडा आहे, ते चालेल ना?

उत्तर : फुल फेसचा विचार करतोयस हे फार बरं केलंस, कारण या स्पीडला स्लाइडमध्ये हात सुटला की माणूस तोंडावर घासत जातो.

मोटरसायकलचं हेल्मेट साध्यापेक्षा नक्कीच बरं, जास्त जोराचा मार सोसतं. पण वजन बहुतेक वेळा दीड किलोच्या आसपास, डाउनहिलवाली (उतारावरच्या रायडिंगसाठीची) किलोभराची असतात, आणि टकमध्ये, म्हणजे वारा कापायला छाती गुडघ्यावर टेकवून खाली वाकतो तेव्हा, मान वर करून ते जास्तीचं वजन धरायचं म्हणजे दोन-तीन रनमध्ये मान भरून येते. त्याहून मोठी अडचण नजरेची. ताठ बसून चालवायच्या गाडीचं हेल्मेट असलं तर टकमध्ये त्याची वरची कड डोळ्यांवर येते आणि पुढचं वळण दिसतच नाही. माझं पहिलं मी दुकानात आरशासमोर उभं राहून पसंत केलं, मस्त बसलं होतं, उतारावर गेल्यावर कळलं की मला फक्त बोर्डच्या पुढचा दहा फूट रस्ता दिसतोय. म्हणून तू दुकानातच खाली वाक, छाती गुडघ्यावर टेकव, हात मागे घे आणि समोरच्या भिंतीवरचं काहीतरी बघ, दिसत नसेल तर ते हेल्मेट ठेवून दे, कितीही आवडलं तरी. मोटोक्रॉसवाल्यांचा कपाळावरून पुढे आलेला पीक (टोपीसारखी झडप) पण नको, वारा त्यात भरतो आणि डोकं मागे ओढतो.

मापासाठी टेप भुवयांच्या जरा वरून डोक्याभोवती फिरव. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, बोलताना गाल आतून चावला जातोय असं वाटलं तरी चालेल, पॅड नंतर थोडे बसतात. हेल्मेट धरून डावीकडे-उजवीकडे हलव, कपाळाची कातडी सोबत सरकली तर बरोबर, नुसतं हेल्मेट फिरलं तर मोठं आहे. मग पट्टा लावून मागची कड धरून पुढे ढकल, डोक्यावरून निघायला लागलं तर परत दे.

आतलं स्टिकर वाचायचंच. ईएन १०७८ (युरोपचा) आणि सीपीएससी (अमेरिकेचा) हे मुळात साध्या हेल्मेटचे स्टँडर्ड, त्यात हनुवटीच्या पट्टीची टेस्टच नाही, म्हणजे फुल फेसवर नुसते हेच असतील तर ती पट्टी किती मार सोसेल याबद्दल ते स्टिकर काहीच सांगत नाही. एएसटीएम एफ १९५२ हा डाउनहिल सायकलिंगचा, त्यात हनुवटीची टेस्ट असते, मी तोच शोधतो. सीपीएससीची सपाट पृष्ठभागावरची टेस्ट हेल्मेट साधारण २ मीटरवरून पाडून करतात, म्हणजे आपटताना वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास. आकडा कमी वाटेल, पण मोकळ्या रस्त्यावर पडलास तर डोकं खाली येतं ते तुझ्या उंचीवरूनच, बाकीचा स्पीड घासण्यात जातो. रेलिंग, झाड किंवा गाडी मध्ये आली की मात्र हा हिशोब संपला, तिथे कुठलंच हेल्मेट पुरेसं नाही.

काचेवर वाफ धरते ती बहुतेक उताराच्या वर थांबलेलं असताना, तेव्हा काच उघडी ठेव आणि पुश करायच्या आधी लाव. पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, थिनर-पेट्रोल अजिबात नको, प्लास्टिक कमजोर होतं.

आता तुझं जुनं. ते चालणार नाही. आतला थर्माकोलसारखा फोम एकदाच दबून मार खातो, दबला की परत फुगत नाही, आणि बाहेरचं कवच आपल्या जागी परत येतं म्हणून वरून फक्त ओरखडाच दिसतो. सेकंडहँड घेऊ नको म्हणतात ते यासाठीच. आजच त्याचा पट्टा कात्रीने काप आणि मगच टाक, नाहीतर कोणीतरी उचलून घालेल.