इंग्लंडमधल्या बॉक्स हिलची उंची जेमतेम 224 मीटर. मग तिथे बघण्यासारखं काय आहे?

उंचीच्या हिशेबाने गेलात तर हिरमोड होईल, हे खरं. पण सरे परगण्यातली ही टेकडी मी चारही ऋतूंत चढलोय. माझं सांगणं एकच: आधी पायाखाली बघा. ही टेकडी खडूची आहे, अगदी शब्दशः.

पावसानंतर पायवाटेवरचा चिखल बुटांना लापीसारखा चिकटतो आणि वाळला की पांढराफटक पडतो. क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातल्या समुद्राच्या तळाशी सूक्ष्म शैवालांची चुन्याची कवचं साचत गेली, त्यांचा हा दगड. (आपल्या दख्खनचा काळा बेसाल्ट ओतला गेला तो याच काळाच्या अखेरीस.) पुढे आल्प्स उभा करणाऱ्या रेट्याने हे थर घुमटासारखे फुगले, घुमटाचा माथा झिजून गेला, कडा तेवढ्या उरल्या. उत्तरेकडची कड म्हणजे नॉर्थ डाउन्स ही टेकड्यांची रांग. बॉक्स हिल तिचाच भाग.

आता झाडी बघा. पश्चिमेला मोल नदीने टेकडीचा पायथा असा कापलाय की उतारावर माती ठरतच नाही, खडू उघडा पडतो. या उताराला ‘व्हाइट्स’ म्हणतात. तिथे तग धरतात ती यू आणि बॉक्स ही सदाहरित झाडं. टेकडीचं नावही या बॉक्सवरूनच. पान नखाएवढं, जाड, चकचकीत. आत शिरलं की भर दुपारी अंधारून येतं. लाकूड इतकं घट्ट की पाण्यात बुडतं. जुन्या छपाईतली बारीक चित्रं याच लाकडावर कोरत. माथ्यावर मात्र चकमकीचे दगड मिसळलेली चिकणमाती आहे, म्हणून तिथे बीच आणि ओकचं रान.

दक्षिण उतारावरचं गवत गुरं चरतात म्हणूनच मोकळं राहिलंय. चराई थांबली तर झुडपं माजतील आणि तिथली ऑर्किडं, निळी फुलपाखरं जातील.

बॉक्स हिल अँड वेस्टहम्बल स्टेशनवर उतरा. नदीतल्या पायदगडांवरून पलीकडे जा. पाणी चढलेलं असेल तर जवळच पादचारी पूल आहे. वर सॉलोमन्स स्मारकापाशी दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. समोर वील्डचा सखल प्रदेश, म्हणजे घुमटाचा माथा होता ती जागा. हवा स्वच्छ असेल तर क्षितिजावर साउथ डाउन्सची निळसर रेघ दिसेल. ती त्याच घुमटाची दुसरी कड.