कुंडीतले प्रश्न : जुनी माती फेकायच्या आधी

यावेळी जेवढे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त झाडांबद्दल नाहीतच, मातीबद्दल आहेत, आणि मला तर बरंच वाटलं. पानं पिवळी पडली की आपण औषध शोधत बसतो आणि खाली बघतच नाही. म्हणून आज सगळं मातीचंच घेतलंय. काही उत्तरं लांबलीत, सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, माझ्याकडे 12 कुंड्या आहेत. 2 वर्षांपूर्वी तयार पॉटिंग मिक्स आणून भरल्या होत्या, पहिल्या वर्षी टोमॅटो आणि मिरच्या मस्त आल्या. आता माती चार बोटं खाली बसलीय, वरून कडक झालीय आणि पाणी घातलं की लगेच खालून बाहेर येतं. सगळी माती फेकून नवीन आणणं परवडणारं नाही. काय करू?

फेकू नका. आधी एक कुंडी घमेल्यात उलटी करून बघा, अर्धं उत्तर तिथंच मिळेल. बहुतेक कडेकडेने मुळांची जाळी दिसेल, मधला गोळा कोरडाठक्क असेल, आणि तळाशी दोन बोटं काळपट चिकट थर, त्याला वासही येत असेल. म्हणजे एकाच कुंडीत वाळवंट पण आणि दलदल पण.

आता ती चार बोटं माती गेली कुठं? थोडी दबून खाली बसली आणि बाकीची खरंच हवेत गेली. तयार मिक्समध्ये मुख्य माल कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नाहीतर पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) असतो, त्यात थोडं खत आणि थोडं परलाईट (फुगवलेल्या खडकाचे पांढरे, हलके दाणे). त्यातला कुजणारा भाग जिवाणू आणि बुरशी खातात, आणि आपण श्वास सोडतो तसा ते कार्बन डायऑक्साइड सोडतात. दोन वर्षं त्यांनी खाल्लं, आपण नवीन काही वाढलं नाही, त्यामुळे माती बसली आणि मधल्या हवेच्या पोकळ्या बुजल्या. मुळांनाही श्वास घ्यायला हवा लागते हे आपण विसरतो.

आणि पाणी पटकन बाहेर येतंय म्हणजे निचरा छान आहे असं समजू नका हां. गोळा वाळला की आक्रसतो, कुंडीच्या भिंतीपासून सुटतो आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली पळतं, मधल्या मुळांना थेंब मिळत नाही. त्यात पीट असेल तर अजून वाईट, ते एकदा पूर्ण वाळलं की पाणी झिडकारतं (कोकोपीट त्यामानाने लवकर भिजतं). ज्या कुंडीत अजून झाड आहे ती सध्या बादलीभर पाण्यात उभी करा, बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढून निथळू द्या.

रिकाम्या कुंड्यांच्या मातीचं असं करा. ढेकळं हाताने फोडा, जाड मुळं काढा, बारीक मुळं राहू देत, ती आतच कुजतील आणि जाताना जागा करून जातील. मग त्याच मापाने 3 घमेली जुनी माती, 1 घमेलं नीट कुजलेलं खत (घरचं कंपोस्ट, गांडूळखत, जुनं शेणखत, जे मिळेल ते) आणि अर्धं ते एक घमेलं काहीतरी भरड : परलाईट, जाड वाळू, विटेचे वाटाण्याएवढे तुकडे, तूस. वाळू घ्याल तर जाडच घ्या, बारीक वाळू पोकळ्यांत जाऊन बसते आणि उलट घट्ट करते. या सगळ्यात विकत घ्यायची झालीच तर ही भरड एकच वस्तू, आणि तीही तुटकी मातीची कुंडी फोडलीत तर फुकट. खत जास्त घातलं की जास्त चांगलं असं पण नाही, निम्म्यावर खत घातलेली कुंडी सहा महिन्यांत परत बसते आणि क्षार वाढतात ते वेगळंच.

ओल कशी बघायची? मूठभर मिश्रण आवळा. गोळा झाला पाहिजे, बोटाने टोकरल्यावर फुटला पाहिजे, आणि बोटांमधून फार तर एखादा थेंब यावा. पाणी गळलं तर जास्त झालं. असं ओलसर मिश्रण पोत्यात किंवा झाकलेल्या टबात 3-4 आठवडे सावलीत ठेवून द्या, अधूनमधून वरखाली करा. खत पूर्ण मुरलेलं असेल तर लगेच लावलं तरी बिघडत नाही, पण थांबलात तर वासातला फरक तुम्हालाच कळेल. पहिल्या पावसाला जो मातीचा वास येतो ना, तो बराचसा जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा असतो आणि तो मातीतले स्ट्रेप्टोमायसीस वगैरे जिवाणू बनवतात. आपलं नाक त्या वासाला इतकं तिखट आहे की कणभरही पकडतं. पोतं उघडल्यावर तो वास आला की माती कामाला लागली म्हणायची. मी तरी कुठल्या टेस्ट-किटपेक्षा यावर जास्त भरवसा ठेवते.

भरताना तळाशी खडे घालायची सवय असेल तर ती सोडा. बारीक मातीतलं पाणी ती पूर्ण भिजून चिंब झाल्याशिवाय खालच्या खड्यांत उतरतच नाही, म्हणजे चिखलाचा थर जो अगदी तळाशी राहिला असता तो खड्यांच्या उंचीएवढा वर, मुळांच्या जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा, बास. वरून दोन बोटं सुका पालापाचोळा पसरा, पण खोडाला चिकटवू नका. पुढे तोच कुजत राहतो आणि खालच्यांचं जेवण चालू राहतं. बाराच्या बारा कुंड्या एकदम करायची पण गरज नाही, महिन्याला तीन केल्या तर खत घरच्या घरी पुरतं.

एक अपवाद मात्र आहे. मुळं काढताना त्यांवर गाठी-गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे धाग्यासारखे अगदी बारीक कृमी. (घेवड्या-वाटाण्यासारखी शेंगवर्गी झाडं असतील तर त्यांच्या गाठी चांगल्या, त्या मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात आणि नखाने सुटतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं.) तशी माती ओली करून, पातळ थर पसरून, पारदर्शक प्लास्टिकखाली कडक उन्हात 4-6 आठवडे तापवा, काळं प्लास्टिक तेवढं तापत नाही. त्यात चांगले जीवही बरेचसे मरतात, म्हणून खत नंतर मिसळा. आणि त्या मातीत परत टोमॅटो, मिरची, वांगं लावू नका, तिघं एकाच घरातले.

प्रश्न : भाजीची सालं थेट कुंडीत पुरली तर खत बनतं असं ऐकून महिनाभर पुरली. आता घाण वास येतो आणि माशा झाल्यात. माझं काय चुकलं?

मोठ्या वाफ्यात पुरलं तर चालून जातं, कुंडीत नाही. जागा कमी, हवा कमी, ओला माल एका ठिकाणी साचला की हवा संपते आणि मग हवा नसताना जगणारे जिवाणू ताबा घेतात, तो वास त्यांचा.

वेगळी बादली करा, बाजूने आणि तळाला भोकं पाडा, आणि एक भाग ओला कचरा टाकला की त्यावर 2-3 भाग सुकी पानं. हे काही मी मनाचं सांगत नाहीये, कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण 25-30 भाग कार्बनला 1 भाग नायट्रोजन असं जेवण लागतं आणि नुसत्या सालांमध्ये नायट्रोजन आणि पाणी दोन्ही जास्त. सुकी पानं म्हणजे कार्बन आणि हवा एकदम. वास आला की पानं वाढवा, काहीच होत नसेल तर थोडं पाणी शिंपडा, एवढंच शास्त्र. तुकडे बारीक केलेत तर 2-3 महिन्यांत होतं, नाहीतर अजून लागतील.

अर्धवट खत वापरू नका, ही चूक मी स्वतः केलीय. घाई होती, बादलीतलं खत वरून काळं दिसत होतं, टोमॅटोच्या आठ रोपांना घातलं आणि चौथ्या दिवशी सहा रोपं मान टाकून बसली. खत आतून अजून गरम होतं हे मला हात घातल्यावर कळलं, म्हणजे आधी घालायला हवा होता तो हात नंतर घातला. आता मी मूठभर ओलसर खत पिशवीत बंद करून 2-3 दिवस ठेवते आणि मग उघडून वास घेते. आंबट किंवा अमोनियाचा झणका आला तर अजून वेळ आहे.

अंड्याची टरफलं मिक्सरमध्ये पीठ करून टाका, हाताने चुरलेली तशीच्या तशी वर्षानुवर्षं दिसत राहतात. केळ्याच्या सालीचं पाणी वगैरे मी करत नाही, साल सरळ बादलीत टाकते.

प्रश्न : मायकोरायझा आणि जिवाणूंची पाकिटं घ्यावी का? बजेट कमी आहे.

बजेट कमी असेल तर नको.

थोडं सविस्तर सांगते. मायकोरायझा ही बुरशी मुळांना धरून राहते, झाड तिला साखर देतं, ती लांबून पाणी आणि फॉस्फरस आणून देते, आणि जगातल्या बहुतेक झाडांची तिच्याशी अशी दोस्ती असते. गोष्ट खरीच आहे. पण कोबी, मुळा, मोहरी हे घराणं तिला दारात उभं करत नाही, त्यांच्यासाठी पैसे घालवाल तर वाया. शिवाय मातीत फॉस्फरस भरपूर असेल, आणि खतावर पोसलेल्या कुंडीत तो बहुतेक वेळा असतोच, तर झाडाला तिची गरजच वाटत नाही. आणि पाकिटातले बीजाणू जिवंत आहेत की कधीच मेलेत ते आपल्याला बाहेरून कळत नाही. त्यापेक्षा जी कुंडी तुमच्याकडे सगळ्यात छान चाललीय तिच्यातली मूठभर माती मुळांसकट नव्या कुंडीत टाका. विरजणच समजा ते.

शेंगवर्गी झाडांच्या रायझोबियमचं (मुळांच्या गाठीत राहून हवेतला नायट्रोजन झाडाला देणारे जिवाणू) मात्र वेगळं आहे, अगदी नव्या मिश्रणात ते नसतं आणि बियांना लावलं तर फरक दिसू शकतो. झाड फुलावर येताना एक रोप उपटा, मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसली तर ती काम करतेय. पांढरी किंवा हिरवट असेल तर नुसतीच बसून खातेय.

प्रश्न : पाणी घातलं की मातीवर बारीक पांढरे किडे उड्या मारतात, पालापाचोळ्याखाली पांढरे धागे दिसतात आणि काळ्या चिलटासारख्या माशा उडतात. सगळं मारून टाकू का?

उड्या मारणारे स्प्रिंगटेल, कुजलेलं आणि बुरशी खातात, राहू देत. धागे म्हणजे बुरशी पाचोळा खातेय, तिला पण राहू देत. माशा तेवढ्या कमी करा, त्यांच्या अळ्या वरच्या दोन-तीन बोटांत असतात आणि लहान रोपांची मुळं कुरतडतात. वरचा थर दोन पाण्यांच्या मध्ये वाळू द्या, पाणी खालच्या ताटलीतून द्या, पिवळा चिकट कागद लावा. पिढी संपायला 3-4 आठवडे जातात, दोन दिवसांत फरक नाही म्हणून वैतागू नका.

प्रश्न : सुतारकामाचा भुसा फुकट मिळतो म्हणून मातीत एकास एक मिसळला. माती मस्त भुसभुशीत झाली पण झाडं पिवळी पडली. भुशात विष असतं का?

प्लायवूड किंवा रंगवलेल्या लाकडाचा असेल तर तो वापरूच नका, त्यात गोंद आणि रसायनं असतात. साध्या लाकडाचा असेल तर विष नाही, भूक आहे. भुशात एका भाग नायट्रोजनला कित्येक शे भाग कार्बन असतो. एवढं जेवण समोर आलं की जिवाणू वाढतात, त्यांना शरीर बांधायला नायट्रोजन लागतो, भुशात तो नाही, मग ते मातीतला ओढून घेतात आणि झाड उपाशी. म्हणून आधी खालची जुनी पानं पिवळी होतात, बघा तुमची तशीच झालीत का. नायट्रोजन नाहीसा होत नाही, त्यांच्या अंगात अडकतो आणि भुसा कुजल्यावर परत मिळतो, पण त्याला वर्षही लागू शकतं आणि तोवर तुमची झाडं काही थांबणार नाहीत.

शक्य असेल तर झाडं काढून दुसऱ्या मातीत लावा आणि हे भुशाचं मिश्रण थोडं थोडं करून कंपोस्टच्या बादलीत सुक्या पानांच्या जागी वापरून संपवा, म्हणजे काहीच फुकट जात नाही. काढणं शक्य नसेल तर दर 10-12 दिवसांनी मूठभर गांडूळखत वर पसरून पाणी द्या, किंवा पेंड भिजवून पातळ करून घाला. पिवळी झालेली पानं परत हिरवी होतीलच असं नाही, त्यांच्याकडे बघू नका, शेंड्याला येणारं नवीन पान बघा. आणि राहिलेला भुसा मातीत न मिसळता वरून पातळ पसरा, तिथे तो पाचोळ्याचंच काम करतो आणि मुळांजवळच्या नायट्रोजनला फारसा हात लावत नाही.