तालुक्याला नवी इमारत झाली की बायकांची ऑपरेशनं वेळेवर होतील का?

अंग बाहेर येणं (गर्भाची पिशवी खाली सरकणं), पिशवीच्या गाठी अशी ऑपरेशनं सरकारी दवाखान्यात महिनोन्‌महिने रखडतात, मोठी इमारत झाली तर सुटेल का, असा तुमचा प्रश्न आहे. नुसत्या इमारतीने नाही सुटणार. मी उपजिल्हा रुग्णालयात ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर होते. खाटा रिकाम्या असायच्या आणि ऑपरेशनं पुढे जायची, कारण भूल देणारे डॉक्टर एकच, तेही बाहेरून कॉलवर येणारे. तेवढ्यात सिझेरियन आलं की ते आधी. त्यात चूक काहीच नाही. पण अंग बाहेर आल्याने कुणी लगेच मरत नाही, म्हणून तारीख दरवेळी तिचीच सरकते.

एमबीबीएस डॉक्टरांना अडलेल्या बाळंतपणासाठी भूल द्यायला शिकवणारं 18 आठवड्यांचं प्रशिक्षण सरकारने फार पूर्वीच आणलं. योजना चांगली. फक्त शिकून आलेल्या डॉक्टरची बदली ओटी नसलेल्या केंद्रात झाली की सगळं पाण्यात!

दुसरी अडचण रक्ताची. राज्यात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे (2019-21 च्या पाहणीत 54 टक्के). ऑपरेशनच्या सकाळी हिमोग्लोबिन सात निघतं आणि बाईला परत पाठवतात. हेच महिनाभर आधी तपासून प्राथमिक केंद्रातच लोहाची इंजेक्शनं दिली असती, तर तिची खेप आणि सोबत आलेल्या नवऱ्याची मजुरी वाचली असती.

आता नसबंदी बघा. ठरलेला वार, सोबत आशाताई, घरी सोडायला गाडी, हातात थोडे पैसे. बायका येतात. म्हणजे यंत्रणेला जमतं. उद्दिष्ट वरून आलं की जमतं. हीच सोय अंग बाहेर येणाऱ्यांसाठी का नको?

मात्र ऑपरेशनं वाढली म्हणजे भलं झालं, असंही समजू नका. बीडमध्ये 2019 च्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरं जातंय, पोट दुखतंय, एवढ्यावर खासगीत पिशव्या काढल्याच्या तक्रारी होत्या. कामाला खाडा झाला तर दंड, मग औषधपाण्यासाठी थांबणार कोण? नंतर तिथे खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली.

तेव्हा आमदारांकडे इमारत मागण्याआधी दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या रुग्ण कल्याण समितीत विचारा: भूलतज्ज्ञ आठवड्यात कोणत्या वारी येतात, आणि तो वार सिझेरियन आलं तरी कसा टिकवणार?