चांगली चाललेली मालिका बिघडते कुठे?

मागच्या अंकात विचारलं होतं, तुमची जिवाभावाची मराठी मालिका कुठली आणि मनातून पार उतरली ती कुठली. पत्रं, मेल भरपूर आलेत, सगळ्यांना जागा देता येत नाहीये, पण ज्यांवर मला मनापासून बोलायचं होतं ती इथे घेतलीत.

प्रश्न: ताई, मी मिरजेची, वय 61. 'तुला पाहते रे'चा एकही भाग मी चुकवला नव्हता. सुबोध भावेंचा विक्रांत सरंजामे, ती साधी ईशा, वयातलं अंतर, तरी किती छान जमवलं होतं. आणि मग अचानक तो खलनायक निघाला, पुनर्जन्म काय, गेल्या जन्मीची त्याची बायको राजनंदिनी काय. माझी अक्षरशः फसवणूक झाल्यासारखं वाटलं. तेव्हापासून कुठल्याच मालिकेत जीव रमत नाही. माझं काही चुकतंय का?

उत्तर: काकू, तुमचं काहीच चुकत नाहीये. ऑगस्ट 2018 ते जुलै 2019, जवळपास वर्षभर रोज रात्री तुम्ही त्या माणसांना घरात घेतलंत, मग राग येणारच की. पण मला जे खटकलं ते थोडं वेगळंय. विक्रांत वाईट निघाला याचं मला वाईट वाटलं नाही, उलट श्रीमंत, रुबाबदार, गोड बोलणारा माणूस आतून तसा नसू शकतो हे रोजच्या मालिकेत दाखवायला हिंमत लागते, आणि भावेंनी ते डोळ्यांतून असं बदलत नेलंय की मला तर तो भाग जास्त आवडला. माझी तक्रार ईशाबद्दल आहे. चाळीत वाढलेली, आईवडिलांच्या शब्दाला जपणारी, हिशोबाने वागणारी मुलगी ही. तिने स्वतःच्या डोक्याने नवऱ्याला ओळखायला हवं होतं, एखादी फाईल, एखादं खोटं बोलणं, कुणाच्या तोंडून निसटलेलं वाक्य, त्यावरून. त्याऐवजी गेल्या जन्मी आपणच राजनंदिनी होतो हे तिला आठवलं, म्हणजे लढाई झाली दुसऱ्याच बाईची आणि आपली ईशा बाजूलाच राहिली.

आणि पुनर्जन्म आला म्हणून मालिका बिघडली असंही नाही हं. 2007 ची 'असंभव' आठवा. सतीश राजवाडेंचं दिग्दर्शन, चिन्मय मांडलेकरचं लेखन, नीलम शिर्केची ती सुलेखा, तिने नुसतं एकटक बघितलं तरी आमच्या घरी कुणी पाणी प्यायला उठायचं नाही. त्या मालिकेचा तर पायाच पुनर्जन्माचा होता, पण ती गोष्ट पहिल्यापासून त्याच वाटेने चालली होती, त्यामुळे वाड्यातल्या जुन्या गोष्टी उलगडायला लागल्या की 'अरे हो, हे तेव्हा दिसलंच होतं की' असं वाटायचं. तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं ते यामुळे, की प्रेमाची गोष्ट सांगतो म्हणून बसवलं आणि अर्ध्यातनं दुसरीच सुरू केली. 'असंभव' कुठे बघायला मिळाली तर पहिल्या भागापासून बघा, मधलाच भाग लावू नका.

प्रश्न: मी 22 वर्षांची आहे, पुण्यात शिकते. आई सारखी म्हणते की आमच्या वेळच्या मालिका काय होत्या, 'आभाळमाया' बघ. मी चार भाग पाहिले, खूप स्लो वाटलं. आई भावनेच्या भरात बोलतेय की खरंच ती चांगली होती?

उत्तर: दोन्ही गं. 1999 मध्ये अल्फा मराठी, म्हणजे आताचं झी मराठी, सुरू झालं त्यासोबतची ही मालिका, तेव्हा रोज उठून बघायला दहा चॅनेल नव्हते, देवकी पंडितांच्या आवाजातलं शीर्षकगीत सुरू झालं की बाया हातातलं काम टाकून यायच्या, आईच्या मनात ते सगळं मिसळलेलं आहे. पण सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी बघ. शिकलेली, शिकवणारी, स्वतःचा पगार असलेली बाई, नवऱ्याने दुसरं घर मांडल्याचं कळल्यावर ती आकांडतांडव करत नाही, गप्प होते, आणि त्या गप्प बसण्याला कॅमेरा वेळ देतो. तुला जे स्लो वाटतंय ना ते हेच आहे. आता तोच प्रसंग आला असता तर तीन वेळा वीज कडाडली असती, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर झूम, आणि मग ब्रेक.

तरी तुला एकदम त्यात उडी घ्यायची नसेल तर 'अग्निहोत्र'पासून सुरुवात कर, 2008 ची, स्टार प्रवाह नवीन होतं तेव्हाची. नाशिकचा वाडा, पांगलेलं कुटुंब, आठ गणपती आणि घरातल्या माणसांना परत शोधत निघालेला तरुण मुलगा. सिद्धार्थ चांदेकर, मृण्मयी देशपांडे तेव्हा अगदी तुझ्या वयाचे दिसतात आणि समोर विक्रम गोखले, मोहन आगाशेंसारखी माणसं. दर थोड्या भागांनी नवीन माणूस भेटतो त्यामुळे कंटाळा येत नाही. आईला शेजारी बसव, तिला कुठला नट कुठल्या नाटकातला ते सगळं माहीत असेल.

प्रश्न: चांगल्या मालिका इतक्या ताणतात का? लेखकांना कळत नाही का? (एक वैतागलेला वाचक, ठाणे)

उत्तर: कळतं हो, सगळं कळतं. दूरदर्शनच्या काळात 13 भागांची मंजुरी मिळायची, म्हणजे तेराव्या भागात काय होणार हे ठरवूनच लिहायला बसावं लागायचं. रोजच्या मालिकेला तसा शेवटच नसतो. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, आकडा चांगला असेल तर चालू मालिका कोण बंद करणार, आणि पडला तर पुढच्या आठवड्याचं कथानक वळवायचं. त्यात रोज अर्ध्या तासाच्या स्लॉटसाठी 22 मिनिटांच्या आसपास फुटेज हवं, आधी शूट करून ठेवलेल्या भागांची बँक संपत आलेली, आणि सीनचे कागद कधी कधी सेटवर मेकअप चालू असताना हातात पडतात. अशा वेळी घरातलं कुणीतरी आजारी पडतं, कुणाची तरी स्मृती जाते. 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये जान्हवीचं बाळंतपण किती लांबलं ते आठवत असेलच, आणि वाईट याचं वाटतं की तेजश्री प्रधानने ती मुलगी सुरुवातीला किती खरी केली होती, बँकेतून घरी, घरातून बँकेत धावणारी, कुणाच्याही शेजारी राहणारी वाटायची.

याउलट 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'. जानेवारी 2012 ला सुरू, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संपली, लोक अजून बघायला तयार होते तेव्हा. घना आणि राधा खोटं खोटं लग्न करतात, ते खरं होणार का, एवढाच प्रश्न होता, उत्तर मिळालं, आटोपलं. आज इतक्या वर्षांनी लोक घनाच्या घरातल्या माणसांबद्दल बोलतात ते उगाच नाही.

प्रश्न: कुडाळहून लिहितोय. 'रात्रीस खेळ चाले'मुळे आमचो कोकण म्हणजे भुतं आणि भानगडी असाच झालो लोकांका. तुमका आवडली की नाय ती?

उत्तर: आवडली, दुसरं पर्व तर खूपच. तुमची तक्रार मला मान्य आहे, पहिल्या पर्वाच्या वेळीही सिंधुदुर्गातनं हाच आक्षेप आला होता. पण दादा, मुंबईच्या चॅनेलवर रोज रात्री मालवणी ऐकू येणं, ते सुद्धा नोकराच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी नाही तर अख्ख्या घराच्या तोंडी, हे त्याआधी कुणी एवढं केलं होतं? पहिल्या पर्वात अण्णा नाईक गेल्यापासून गोष्ट सुरू होते आणि 2019 च्या दुसऱ्या पर्वात मागे जाऊन तो जिवंत माणूस दाखवला. माधव अभ्यंकरांचा अण्णा झोपाळ्यावर नुसता बसला तरी घर धाक धरून असायचं, आणि त्यासाठी भुताची गरज नव्हती, त्याच्या अंगातली हाव पुरेशी होती. त्याची प्रेयसी शेवंता आणि बायको माई या दोघींचे हाल भुतामुळे झाले नाहीत. तिसऱ्या पर्वात मात्र मेलेली माणसंच सगळीकडे फिरायला लागली, आणि मला भीती वाटेनाशी झाली. तिथे मी बघणं सोडलं.

प्रश्न: कलाकार मधेच बदलला की मालिका सोडावी का?

उत्तर: आठ दिवस द्या. 'असंभव'ची शुभ्रा बदलली, मानसी साळवींच्या जागी उर्मिला कानेटकर आली, मालिका तितकीच धरून राहिली. 'माझ्या नवऱ्याची बायको'ची शनाया तर जाऊन परत आली. आठ दिवसांत सवय झाली नाही तर खुशाल सोडा.

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहतो, आई साताऱ्यात एकटी. ती 'आई कुठे काय करते' संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं, रोज बघायची आणि फोनवर मला सगळं सांगायची. मला ती मालिका रटाळ वाटायची, मी हूं हूं करायचो. नोव्हेंबर 2024 मध्ये ती संपली, आता आई फोनवर फार बोलतच नाही. तिला दुसरी कुठली सुचवू?

उत्तर: मालिका म्हणून तुमचं मत मला बरंचसं पटतं. अरुंधतीने पंचवीस वर्षांच्या संसारानंतर स्वतःच्या पायावर उभं राहायचं ठरवलं तिथपर्यंत मधुराणी प्रभुलकर फार सुंदर होती, पुढे तिच्यावर इतकी संकटं घातली की दुसऱ्या लग्नाचा नवरासुद्धा ठेवला नाही. पण तुमच्या आईला ते संकट कुणाला तरी सांगायचं असायचं, आणि तुम्ही फोन उचलत होतात.

'उंच माझा झोका' सुचवा. रमाबाई रानड्यांवरची, 2012 ची. रात्री खोलीत नवरा शिकवतोय आणि दिवसा घरातल्या बायका त्याच शिकण्यावरून टोमणे मारतायत, तेजश्री वालावलकरची ती छोटी रमा बघताना माझ्या आईने पदर डोळ्याला लावलेला मला आठवतो. पण या वेळी तुम्हीही बघा. साताऱ्यात रात्रीचे साडेआठ म्हणजे तुमच्याकडे सकाळचे दहा-अकरा, रविवारी जमेल. दोघांनी एकाच वेळी लावा, फोन चालू ठेवा, आणि तिने आधी बोलायची वाट बघू नका, 'आई, या सासूबाई बघ काय बोलल्या' असं तुम्हीच सुरू करा.